कारवानी कुत्र्याची भूक

भुकेल्यास अन्न द्यावें हें आपणां सर्वांस लहानपणापासून शिकविलेलें असतें. परंतु तें किती द्यावें, कोणतें द्यावें आणि किती सावकाश द्यावें, हें फारसें कोणी सांगत नाहीं. ह्या अज्ञानामुळें मागच्या एका हिंवाळ्यांत आमच्या घरीं एका मुक्या जिवाचे प्राण जावयाचे, ते थोडक्यांत वांचले. त्या प्रसंगानें मला जें शिकावें लागलें तें आपल्या वार्षिकांतून आपणांपुढें ठेवावें, म्हणजे ज्यांच्या घरीं नवें कुत्रें येईल त्यांस त्याचा उपयोग होईल, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

हुडकेश्वर हें नागपूरच्या आग्नेयेस वसलेलें गांव. पूर्वीं तेथें शेतें होतीं. आतां हुडकेश्वर व शेजारचें नरसाळा हीं दोन्ही गांवें महानगरपालिकेच्या हद्दींत आलीं असून शेतांच्या जागीं ले-आउट पडले आहेत व घरें उठत आहेत. तथापि मधून मधून रिकामे भूखंड आहेत आणि त्यांवर मोकाट कुत्रीं फिरत असतात. डिसेंबर महिन्यांत एके दिवशीं सकाळीं अशाच एका भूखंडावर, बांधकामाच्या विटांच्या आडोशास, एक उंच, लांब तोंडाचा, फिकट पिवळ्या रंगाचा कुत्रा बसलेला आमच्या धाकट्या मुलीस दिसला. गल्लींतील कुत्रीं त्याच्यावर भुंकत होतीं व तो अंग चोरून थरथरत होता. गळ्यांत चामड्याचा पट्टा होता. अर्थात् तो कोणाचा तरी पाळलेला होता, व कोणी तरी त्यास टाकून गेलें होतें. आम्हीं चौकशी केली, परंतु मालक म्हणून कोणी पुढें आला नाहीं. शेवटीं मुलीच्या हट्टानें तो आमच्या घरीं आला. त्याची सडसडीत आकृति पाहून तिनें त्याचें नांव ‘बाण’ ठेविलें.

ह्या जातीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण तिची भूक समजण्यास तिचें शरीर समजावें लागतें. इंग्रजींत ज्यास ग्रेहाउंड म्हणतात त्याचे भाऊबंद आपल्या देशांतहि आहेत. महाराष्ट्रांत लातूर, सोलापूर, सांगली ह्या जिल्ह्यांत त्यास कारवानी म्हणतात. अंगावर लांब मऊ केस असलेल्या प्रकारास पश्मी असें नांव आहे. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ही जाति पश्चिमेकडून इकडे आली व म्हणून तिला कारवान हें नांव पडलें, असें मानतात. आज कर्नाटकांत असलेल्या मुधोळ येथें घोरपडे घराण्याचें संस्थान होतें. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ह्या कुत्र्यांची जोपासना केली व त्यावरून मुधोळचा कुत्रा हेंहि नांव रूढ झालें. भारताच्या टपाल खात्यानें २००५ सालीं देशी कुत्र्यांचीं जीं चार तिकिटें काढलीं त्यांत मुधोळच्या कुत्र्यास स्थान आहे. आणि २०१६ सालीं भारतीय सैन्यानें मुधोळचीं पिल्लें शिक्षणासाठीं मीरत येथें नेलीं.

हे सर्व कुत्रे वासापेक्षां नजरेनें शिकार करणारे. ससा दिसला कीं त्याच्यामागें वाऱ्यासारखें धांवावयाचें, हें त्यांचें पिढीजात काम. त्यासाठीं त्यांस खोल छाती, मोठें हृदय, कमानीसारखी पाठ आणि आंत गेलेली बारीक कंबर मिळाली आहे. शर्यतीचा ग्रेहाउंड ताशीं ६० किलोमीटरहून अधिक वेगानें धांवूं शकतो. अशा शरीरावर चरबीचा सांठा अगदीं थोडा असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, ती योग्यच झाली. परंतु त्यामुळें ह्या कुत्र्यांचें जुनें काम गेलें. आतां कांहीं लोक केवळ हौसेखातर पिल्लूं विकत घेतात, आणि तें वाढून त्याची धांव व भूक डोईजड झाली म्हणजे त्यास रस्त्यावर सोडून देतात. विलायतेंत १९२६ सालीं मँचेस्टर शहरांत यांत्रिक सशामागें ग्रेहाउंड धांवविण्याच्या शर्यती सुरू झाल्या. शर्यतींतून काढलेले कुत्रे पुढें दयाळू कुटुंबें आपल्या घरीं नेतात. आणि ‘हा सदा भुकेलाच कां?’ हा प्रश्न त्यांनाहि पडतो.

आतां आमची चूक सांगतों. बाण घरीं आला त्या दिवशीं आमच्या मातोश्रींना त्याची फार कींव आली. त्याच्या फासळ्या दुरूनहि मोजतां येत होत्या. पाठीचा कणा करवतीच्या दांत्यांसारखा वर आला होता. त्यांनीं दुधांत गूळ घालून पोळ्या कुसकरल्या व त्याच्यापुढें ठेविल्या. पातेलें क्षणांत रिकामें झालें. त्यानें वर पाहिलें, पुन्हां वाढलें, तेंहि संपलें. संध्याकाळपर्यंत सात-आठ पोळ्या, लिटरभर दूध आणि वर भात, इतकें अन्न त्याच्या पोटांत गेलें. आम्ही सर्व भोंवतीं उभे राहून मोठ्या समाधानानें पाहत होतों. ‘खाऊं द्या बिचाऱ्याला, किती दिवसांचा उपाशी आहे!’ असें मातोश्री म्हणाल्या व मीहि मान डोलविली.

मध्यरात्रीं त्यास ओकाऱ्या व जुलाब सुरू झाले. पहाटे पाहतों तों त्यास उभें राहवेना. पाय कांपत होते, श्वास जलद चालला होता, आणि हांक मारली तरी तो डोळे उघडीना. शेजाऱ्यांच्या गाडींतून त्यास पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं रक्त तपासलें, शिरेंतून क्षारांचें पाणी चढविलें आणि मग शांतपणें विचारलें, ‘काल ह्यानें काय खाल्लें?’ आम्हीं सर्व सांगितलें. मुलगी रडत म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, आम्ही त्याला पोटभर जेवूं घातलें हो, दुसरें कांहीं केलें नाहीं.’ तेव्हां ते म्हणाले, ‘बाळ, काल त्याला पोटभर जेवण हेंच विष होतें.’

ह्या उत्तराचा अर्थ त्यांनीं आम्हांस समजावून दिला. बरेच दिवस अन्न मिळालें नाहीं म्हणजे शरीर प्रथम आपली चरबी व मग आपले स्नायु जाळून दिवस काढतें. ह्या काळांत फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ह्या द्रव्यांचे सांठे झिजत जातात. रक्तांतील त्यांचें प्रमाण मात्र कसेंबसें टिकून असतें, म्हणून वरून कांहीं कळत नाहीं. अशा वेळीं गूळ, पोळी, भात असें गोड व पिठूळ अन्न एकदम पोटांत गेलें कीं रक्तांतील साखर वाढते, तिच्यामागें इन्शुलिन हा रस सुटतो, आणि त्याच्या योगानें साखरेबरोबर तीं द्रव्येंहि रक्तांतून पेशींत ओढलीं जातात. रक्तांतील त्यांचें प्रमाण एकाएकीं उतरतें. स्नायु दुबळे होतात, श्वास अडखळतो, हृदयाचा ताल बिघडतो, आणि प्रसंगीं मृत्यु ओढवतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या कित्येक उपाशी माणसांस सैनिकांनीं दयेपोटीं जड अन्न दिलें, आणि तें खाऊन त्यांतील कांहीं दगावले, ही इतिहासांतील गोष्ट आहे. शिवाय मोठ्या कुत्र्यास दूध पुष्कळदां पचत नाहीं. कारण दुधांतील साखर पचविणारा रस वयाबरोबर कमी होतो. आमच्या दयेंत उणें कांहीं नव्हतें. तिला ज्ञानाची जोड नव्हती एवढेंच.

बाण चार दिवसांनीं सावरला. घरीं धाडतांना डॉक्टरांनीं एक हिशेब शिकविला. तो वरच्या वर्गांतील कोणाहि विद्यार्थ्यास करतां येईल. कुत्र्याचें वजन किलोग्रॅममध्यें घ्यावें, त्या संख्येचा घन करावा, घनाचें वर्गमूळ काढावें, आणि आलेल्या संख्येचें पुन्हां वर्गमूळ काढावें. त्या उत्तरास ७० नें गुणलें म्हणजे केवळ स्वस्थ पडून राहण्यास त्या कुत्र्याला दिवसाकांठीं किती उष्मांक लागतात तें कळतें. बाणाचें वजन १६ किलो होतें. १६ चा घन ४०९६, त्याचें वर्गमूळ ६४, त्याचें वर्गमूळ ८, आणि ८ गुणिले ७० म्हणजे ५६० उष्मांक. फार दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्यास पहिल्या दिवशीं ह्याचा सुमारें तिसरा हिस्सा, म्हणजे १८५ ते १९० उष्मांकच द्यावयाचे, आणि तेहि चार वेळां विभागून. दुसऱ्या दिवशीं निम्मे, पुढें रोज थोडे थोडे वाढवीत पांचव्या-सहाव्या दिवशीं पूर्ण ५६०. आम्हीं पहिल्याच दिवशीं त्यास दीड हजारांच्या घरांत उष्मांक चारले होते, म्हणजे योग्य प्रमाणाच्या जवळ जवळ आठपट! हा आंकडा वहींत मांडला तेव्हां मला लाज वाटली.

हें प्रमाण केवळ आरंभाचें. प्रकृति सावरली म्हणजे कुत्र्याचें आजचें वजन न धरतां, जें असावयास पाहिजे तें वजन धरून हिशेब करावा. बाणाच्या उंचीस २२ किलो योग्य, असें डॉक्टरांचें मत पडलें. २२ चा घन १०,६४८. त्याचें वर्गमूळ सुमारें १०३.२, पुन्हां वर्गमूळ सुमारें १०.१६, त्यास ७० नें गुणलें असतां ७११ येतात. घरांत राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यास साधारणतः ह्याच्या १.६ पट अन्न लागतें. म्हणजे सुमारें १,१४० उष्मांक. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस आम्ही ह्या आंकड्यापर्यंत हळूहळू आलों. तथापि माणसांप्रमाणें कुत्र्यांतहि कोणी कमी खाऊन पुष्ट होतें तर कोणी अधिक खाऊनहि रोड राहतें; म्हणून हिशेबावर शेवटचा निकाल वजनकांट्याचा. घरीं वजन करणें सोपें आहे. प्रथम आपण कांट्यावर उभें राहावें, मग कुत्र्यास उचलून उभें राहावें, आणि वजाबाकी करावी. हें काम आमची मुलगी दर रविवारीं करवून घेई व भिंतीवरील तक्त्यांत आंकडा मांडी.

आतां अन्न कोणतें द्यावें तें पाहूं. आपल्याकडे कुत्र्यास उरलेली पोळी व दूध घालावयाची रीत आहे. त्यानें पोट भरतें, परंतु शरीर बांधलें जात नाहीं. झिजलेले स्नायु पुन्हां भरून येण्यास प्रथिनें लागतात, आणि तीं मांस, मासे, अंडीं ह्यांत विपुल असतात. बाणाचा पुढील दिवसाचा आहार डॉक्टरांच्या संमतीनें असा ठरला : हाडें काढून उकडलेलें कोंबडीचें मांस २५० ग्रॅम, त्याचे उष्मांक सुमारें ४१०, ज्वारीच्या दोन लहान भाकरी, सुमारें ३५०, दोन उकडलेलीं अंडीं, १५०, एक मोठा चमचा तेल, १२०, १०० ग्रॅम दहीं, ६०, आणि उकडलेला लाल भोपळा, सुमारें ४०. एकंदर ११३० झाले. ह्यांत मीठ-मसाला कांहीं नाहीं. अशा घरगुती आहारांत कॅल्शियम मात्र कमी पडतें. तें अंड्याच्या टरफलांची बारीक पूड करून किंवा औषधाच्या रूपानें द्यावें लागतें, व त्याचें प्रमाण पशुवैद्यास विचारूनच ठरवावें. ज्यांस हा खटाटोप साधणार नाहीं त्यांनीं कुत्र्यांसाठीं तयार मिळणारें कोरडें अन्न घ्यावें. पिशवीवर उष्मांक छापलेले असतात, ते पाहून मोजून घालावें. जुनें अन्न बदलून नवें सुरू करावयाचें असेल तर आठवडाभरांत थोडें थोडें मिसळून बदलावें.

कांहीं पदार्थ कुत्र्यास कधींहि देऊं नयेत. कांदा व लसूण ह्यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आपल्या नागपूरचा सावजी रस्सा कितीहि रुचकर असला तरी तो कुत्र्याच्या थाळींत जातां कामा नये. द्राक्षें, मनुका व बेदाणे ह्यांनीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. द्राक्षांत जें टार्टारिक आम्ल असतें तेंच ह्यास कारण असावें असें अलीकडे दिसून आलें आहे. तें चिंचेंतहि असतें, तेव्हां चिंचहि टाळावी. चॉकलेट विषारी आहे. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या तर थोड्याशाहि घातक होतात. शिजविलेलीं हाडें ठिसूळ होऊन त्यांच्या अणकुचीदार कपऱ्या निघतात व त्या आंतड्यांत रुततात. भुकेला कुत्रा ह्यांतील कांहींहि खाईल. तेव्हां विचार आपणच केला पाहिजे, आणि केरकचऱ्याचा डबा घट्ट झांकून ठेवला पाहिजे.

किती व काय ह्यांच्या जोडीला कसें द्यावें हेंहि महत्त्वाचें आहे. खोल छातीच्या कुत्र्यांस एक भयंकर रोग होतो. पोटांत वायु भरून तें फुगतें व कधीं कधीं पिळा पडून त्याचीं दोन्ही तोंडें बंद होतात. कुत्रा अस्वस्थ होऊन फेऱ्या घालतो, ओकूं पाहतो पण कांहीं पडत नाहीं, पोट नगाऱ्यासारखें ताणतें. हीं लक्षणें दिसतांच, रात्र असो वा दिवस, तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें; कांहीं तासांच्या उशिरानें प्राण जातो. दिवसांतून एकच मोठें जेवण आणि अधाशीपणानें घाईघाईनें खाणें ह्यांनीं हा धोका वाढतो. म्हणून आम्ही बाणाचें अन्न दिवसांतून तीन वेळां घालीत असूं. तें खोल भांड्यांत न घालतां मोठ्या परातींत पसरीत असूं, आणि मधोमध एक मोठा गुळगुळीत गोटा ठेवीत असूं, म्हणजे गोट्याभोंवतींचें अन्न वेंचून खाण्यांत त्याचा वेळ जाई. गोटा मात्र गिळतां येणार नाहीं एवढा मोठा असावा. जेवणानंतर तासभर त्यास धांवूं देत नसूं.

इतकें करूनहि त्याची भूक भागेना! परात चाटून लखलखीत केल्यावर तो एकेकापुढें जाऊन बसे, आणि त्या लांब तोंडावरील ओलसर डोळ्यांनीं असें पाही कीं आपल्या हातांतील घांस आपणांसच जड व्हावा. मातोश्री म्हणत, ‘हिशेब असूं दे तुझा, जिवाला भूक लागली आहे त्याच्या.’ वस्तुतः त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नांवाचा एक रस निघतो, असा शोध १९९४ सालीं लागला. सांठा पुरेसा आहे, हा निरोप तो मेंदूस पोंचवितो. ज्याच्या अंगावर चरबीच नाहीं त्याच्या मेंदूस हा निरोप मिळतच नाहीं. म्हणून पोट भरलें तरी ‘आणखी खा’ ही आज्ञा चालूच राहते.

माणसाचेंहि असेंच होतें. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं अँसेल कीज ह्या शास्त्रज्ञानें, युद्धानें उपासमार झालेल्या लोकांस पुन्हां कसें पोसावें हें ठरविण्यासाठीं, ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. ते सर्व स्वेच्छेनें पुढें आले होते. २४ आठवडे त्यांस अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. त्यांना अन्नाचीं स्वप्नें पडूं लागलीं, ते ताटें चाटूं लागले, पाककृतींचीं पुस्तकें जमवूं लागले. पुढें पोटभर अन्न मिळूं लागलें तरी कित्येकांची भूक महिनोन् महिने शमली नाहीं. जेवणावरून उठल्यावरहि आपण उपाशीच आहों असें त्यांस वाटे. सुशिक्षित तरुणांची ही गति, तर विटांच्या ढिगाआड सांपडलेल्या मुक्या प्राण्यास अधाशी म्हणून आपण कोणत्या तोंडानें हिणवावें?

तथापि प्रत्येक याचना ही भूक नसते, हेंहि लक्षांत ठेवावें. पाव्हलॉव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञास पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडाला अन्न पाहण्यापूर्वींच, तें आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच लाळ सुटे. आमच्याकडेहि पिठाच्या डब्याचें झांकण वाजलें कीं बाण उभा राही. अशा वेळीं एक घांस टाकला कीं त्यास कळतें, ‘मागितलें म्हणजे मिळतें.’ मग मागणें वाढतच जातें. म्हणून त्याच्या डोळ्यांवर निकाल न देतां वजन, फासळ्या व विष्ठा ह्यांवर द्यावा. ह्या जातीच्या कुत्र्याच्या मागच्या दोन-तीन फासळ्या व कमरेचीं हाडें निरोगी स्थितींतहि किंचित् दिसतात. शेजारी ‘वाळलेला आहे’ म्हणतात म्हणून त्यास फुगवूं नये. मात्र सर्व फासळ्या, पाठीचे मणके आणि माकडहाड उघडें दिसत असेल तर तो खरोखर खंगलेला समजावा.

विष्ठेच्या बाबतींत आम्हीं दुसरी चूक केली. पहिल्याच आठवड्यांत ती तपासून घ्या असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. आम्हीं आळस केला. पहिले पांच आठवडे वजन वाढत गेलें आणि मग दोन रविवार तें १८ किलोवरच अडलें. अन्न तेंच, भूक मात्र अधिक. हिरड्या फिकट दिसूं लागल्या. तेव्हां तपासणी केली आणि अंकुशकृमींचीं अंडीं सांपडलीं. हे बारीक जंत आंतड्यास चिकटून रक्त पितात. आम्ही बाणास जेवूं घालीत होतों, आणि तो त्यांस पोशीत होता! औषधाची एक मात्रा दिली, तीन आठवड्यांनीं दुसरी दिली, आणि तक्त्यांतील रेघ पुन्हां वर चढूं लागली. ह्या जंतांचीं पिल्लें जमिनींतून माणसाच्या अनवाणी पायांतहि शिरतात व त्वचेखालीं नागमोडी खाजरे व्रण उठवितात. म्हणून कुत्र्याची विष्ठा लगेच उचलावी, अंगणांत पायांत चप्पल असावी आणि जेवणापूर्वीं हात धुवावे. जंतांखेरीज मधुमेह, पचनाचे रस न सुटणें, कांहीं औषधें, ह्यांमुळेंहि भूक वाढते. कुत्रा भरपूर खाऊनहि रोडावत असेल, फार पाणी पीत असेल, किंवा फिकट, चिकट व पुष्कळ विष्ठा करीत असेल, तर घरगुती तर्क न चालवितां त्यास तपासून घ्यावें. आपल्या नागपुरांत सेमिनरी हिल्सवर १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २००० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचें मुख्य ठिकाणहि येथेंच आहे. जाणत्याचा सल्ला आपणांस दूर नाहीं.

लहान मुलांस एक गोष्ट विशेष आग्रहानें सांगतों. ज्यानें उपासमार भोगली आहे तो कुत्रा आपल्या अन्नाविषयीं भयभीत असतो. तो खात असतां जवळ जाऊं नये, पाठीवरून हात फिरवूं नये, आणि परात तर मुळींच ओढूं नये. कांहीं काढून घ्यावयाचें असेल तर वडील माणसानें दुसरा चांगला घांस लांब टाकून तो तिकडे गेल्यावर घ्यावें. घरीं येतांच त्यास पिसाळीप्रतिबंधक लस टोंचून घ्यावी. चुकून कोणास दांत लागलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि भीतीनें न लपवितां लगेच आईवडिलांस सांगून दवाखान्यांत जावें. पिसाळीचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस वांचणें जवळ जवळ अशक्य असतें. वेळेवर घेतलेली लस मात्र हमखास वांचविते.

ऋतूप्रमाणेंहि आहार पाहावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हां कुत्रा आपण होऊनच कमी खातो. अन्न पहाटे व सूर्यास्तानंतर द्यावें, आणि सावलींत थंड पाणी सदैव भरलेलें असावें. उलट हिंवाळ्यांत ह्या पातळ कातडीच्या जातीस ऊब राखण्यासाठीं कांहीं अधिक अन्न व अंगावर पांघरूण लागतें.

मार्चच्या अखेरीस बाणाचें वजन २२ किलो भरलें. त्याच सुमारास एका संध्याकाळीं तो परातींतील भाकरी खात असतां फाटक वाजलें; मुलगी शिकवणीहून परत आली होती. त्यानें मान वर केली आणि अर्धें अन्न तसेंच टाकून तो तिच्याकडे धांवला. तिनें बराच वेळ त्याचे लाड केले. मग तो सावकाश परत आला व उरलेलें खाऊं लागला. मातोश्री दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आज त्याचें पोट भरलें.’ अन्न पूर्वींइतकेंच होतें. परंतु आपण पाठ फिरविली तरी अन्न नाहींसें होणार नाहीं, आणि उद्यांहि ठरल्या वेळीं तें मिळेल, असा भरंवसा त्यास आतां वाटूं लागला होता.

मित्रहो, एखाद्या भुकेल्या प्राण्यास घरीं आणाल तर त्यास अन्न अवश्य द्या. परंतु तें मोजून द्या, वेळेवर द्या, आणि रोज द्या. एका दिवसाच्या मेजवानीनें त्याचा जीव धोक्यांत येतो. शंभर दिवसांच्या नियमित घांसांनीं तो उभा राहतो.